मुक्याची नाडी

६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथील ऑलिम्पिक क्रीडांगणावर महिलांची मॉडर्न पेंटॅथलॉन स्पर्धा चालू होती. तलवारबाजी, पोहणे, घोडेस्वारी आणि शेवटी धावणे व नेमबाजी असा हा पाच खेळांचा मेळ. जर्मनीची आनिका श्लॉय पहिल्या क्रमांकावर होती. सुवर्णपदक तिला दिसू लागले होते. या खेळाचा नियम असा होता, की स्वाराने स्वतःचा घोडा आणायचा नाही. चिठ्ठीत जो निघेल त्यावर बसायचे आणि त्याची ओळख करून घ्यायला मिळणार अवघी वीस मिनिटे. श्लॉयच्या वाट्याला सेंट बॉय नावाचा घोडा आला. त्याच दिवशी, थोड्या वेळापूर्वी, दुसऱ्या एका स्पर्धक स्त्रीला घेऊन उड्या मारण्यास त्याने नकार दिला होता. आता तर तो रिंगणात धड पुढेच सरकेना. खोगिरावर बसलेली ती स्त्री रडत होती, चाबूक चालवीत होती, टाचा मारीत होती. कठड्याबाहेरून तिच्या प्रशिक्षिका किम राइस्नर आणखी जोराने मार म्हणून ओरडत होत्या; त्यांनी स्वतःही घोड्याला एक ठोसा लगावला. सारे जग दूरचित्रवाणीवर हे पाहत होते. राइस्नर यांना उरलेल्या स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. श्लॉय एकतिसाव्या क्रमांकावर गेली.

बायबलच्या वाचकाला हे दृश्य पाहून गणना या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. बलाम आपल्या गाढवीवर बसून निघालेला आहे. वाटेत देवदूत तलवार उपसून उभा आहे. गाढवीला तो दिसतो, द्रष्टा म्हणून ख्याती असलेल्या बलामाला दिसत नाही. ती शेतात शिरते, भिंतीला घासते, शेवटी खाली बसते. तिन्ही वेळा बलाम तिला मारतो. मग परमेश्वर तिला वाचा देतो आणि ती विचारते, मी तुझे काय केले म्हणून तू मला तीनदा मारलेस? नवलाची गोष्ट अशी, की पुढे देवदूत तोंड उघडतो तेव्हा तोही आधी हाच प्रश्न विचारतो. स्वर्गाचा निरोप सांगण्याआधी त्याला गाढवीचा हिशेब चुकता करावासा वाटतो.

सेंट बॉयला वाचा दिली गेली नाही. परंतु त्याने नकार दिला, म्हणून त्याच्याविषयी निदान चर्चा झाली. मला सतावतो तो प्रश्न दुसराच आहे. त्या दिवशी त्याच रिंगणात इतर घोड्यांनी नकार दिला नाही. कान मागे टाकून का होईना, त्यांनी एकेक अडथळा पार केला आणि आपल्या स्वारांना गुण मिळवून दिले. त्यांच्या मनात काय चालले होते? जो अडला त्याचे दुःख सर्वांना दिसले. जो अडला नाही त्याला दुःख नव्हतेच, असे आपण कशावरून म्हणतो?

गेल्या काही दशकांत पशुवैद्यक आणि प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक यांनी या प्रश्नाला हात घातला आहे. त्यांची साधने समजून घेण्यासारखी आहेत. घोड्याची नाडी त्याच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटाने लागते. विश्रांती घेणाऱ्या निरोगी घोड्याचे हृदय मिनिटाला साधारण २८ ते ४४ वेळा पडते. भरधाव धावताना तेच २२० च्याही पुढे जाते. आता छातीभोवती एक पट्टा बांधून प्रत्येक ठोक्याची नोंद घेता येते. नुसते ठोके मोजून भागत नाही, कारण धावण्याने ते वाढणारच. म्हणून दोन ठोक्यांमधील अंतर किती कमीजास्त होते ते पाहतात. मन निवांत असताना हे अंतर सारखे बदलत राहते. ताण आला की ठोके घड्याळासारखे एकसुरी पडू लागतात.

दुसरे साधन कॉर्टिसॉल नावाच्या संप्रेरकाचे. भय, श्रम, वेदना यांपैकी काहीही ओढवले, की मूत्रपिंडावरील ग्रंथी ते रक्तात सोडतात. रक्त काढण्यासाठी घोड्याला धरून सुई टोचावी तर त्या टोचण्यानेच आकडा वाढायचा. म्हणून त्याला कापसाचा बोळा चघळायला देऊन लाळ घेतात, किंवा त्याहून सोपे म्हणजे त्याची लीद गोळा करतात. आज झालेल्या त्रासाची खूण लिदीत साधारण एका दिवसाने उतरते. आयाळीच्या किंवा शेपटीच्या केसात तर कित्येक महिन्यांचा लेखा साठलेला असतो. सकाळी हे संप्रेरक स्वभावतःच जास्त असते आणि संध्याकाळी उतरते, हेही ध्यानात ठेवावे लागते. याशिवाय डोळ्याभोवतालच्या त्वचेची उष्णता टिपणारे कॅमेरे आहेत. २०१४ साली तर घोड्याचा चेहरा वाचण्याची एक पद्धत प्रसिद्ध झाली: ताठ मागे गेलेले कान, आकसलेले डोळे, डोळ्यावरचा ताण, आवळलेला जबडा, घट्ट मिटलेले तोंड, ताणलेल्या नाकपुड्या. एका प्राण्याच्या मनाचा ठाव घेण्यासाठी विद्वान माणसे तबेल्यात वाकून लीद वेचतात, या चित्रात मला एक प्रकारची नम्रता दिसते. निदान येथे तरी घोड्याला कळूही न देता त्याची विचारपूस होते.

या अभ्यासांपैकी एकाने मला विशेष अस्वस्थ केले. घोड्याच्या अंगावरचे केस यंत्राने कातरतात. काही घोडे त्या वेळी थयथयाट करतात, काही मुकाट उभे राहतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका प्रयोगात, प्रत्यक्ष केस न कापता नुसते चालू यंत्र दोन्ही प्रकारच्या घोड्यांच्या अंगावरून फिरवण्यात आले आणि लाळेतील कॉर्टिसॉल व डोळ्याची उष्णता मोजण्यात आली. थयथयाट करणाऱ्यांचे आकडे वाढले, यात नवल नव्हते. मुकाट उभ्या राहिलेल्यांचेही तसेच वाढले. दोन्ही गटांच्या शरीरांत फरक सापडला नाही. फरक होता तो केवळ वागण्यात. मोतद्दार ज्याला शहाणा घोडा म्हणून थोपटत होता, तो आतून त्या खोडकर म्हटल्या गेलेल्या घोड्याइतकाच घाबरलेला होता.

असेच दुसरे उदाहरण नाकपट्ट्याचे. घोड्याच्या नाकावरून जबड्याभोवती चामड्याचा एक पट्टा बांधतात. तो आवळला, की घोड्याला तोंड उघडता येत नाही आणि तोंडातील लोखंडी कडियाळ्याविरुद्ध त्याची कुरकुर परीक्षकाला दिसत नाही. जुन्या घोडेस्वारांचा संकेत असा, की पट्ट्याखाली दोन बोटे जावीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत स्पर्धेतील ७५० घोडे तपासले, तेव्हा ४४ टक्के घोड्यांच्या पट्ट्याखाली एक बोटसुद्धा, किंबहुना अर्धे बोटसुद्धा, शिरेना. दोन बोटांची मोकळीक फक्त ७ टक्के घोड्यांना होती. त्याआधी, २०१६ साली, ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी बारा घोड्यांवर पट्ट्याच्या वेगवेगळ्या आवळण्याचा परिणाम मोजला होता. पट्टा अगदी घट्ट होताच हृदयाची गती व डोळ्याची उष्णता वाढली, आणि चघळणे थांबले. पट्टा सोडल्यावर घोडे आधीपेक्षा जास्त जांभया देऊ, चाटू व गिळू लागले. तोंड बंद होते तोवर त्यांना गिळणेही अवघड होते. आणि बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसत होते? शांत मुखाचा, आज्ञाधारक घोडा.

आपल्या धर्मपरंपरेत आज्ञापालन हा मोठा सद्गुण आहे. त्याची थोरवी मी नाकारीत नाही. तरी या दोन अभ्यासांनंतर मला माझ्याच काही समजुती पुन्हा तपासून पाहाव्याशा वाटल्या. वर्गात जो मुलगा हू की चू करीत नाही त्याला आपण चांगले वळण असलेला म्हणतो. सासरी जी सून कधी उलट बोलली नाही तिचे अंत्यविधीच्या वेळी कौतुक होते. त्यांच्या गप्प राहण्याखाली शांती होती की नाकपट्टा, हे आपण क्वचितच विचारतो. विचारले तर उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी लागेल, हेही त्याचे कारण असेल. मनुष्य निदान एखाद्या दिवशी बोलू शकतो, पापनिवेदनाच्या जाळीआड तरी बोलतो. घोड्याला ती सोय नाही, म्हणून पुन्हा त्याच्याकडेच वळतो.

येथवर वाचून एखाद्याला वाटेल, की आता प्रश्न सुटला: यंत्र लावा, आकडा पाहा, मर्यादा ठरवा. इतके ते सोपे नाही. कॉर्टिसॉल वाढते ते केवळ भयाने नव्हे. निकोप व्यायामाने वाढते, मीलनाच्या उत्तेजनेने घोड्यामध्ये वाढते, घोडी विते तेव्हा वाढते. ईयोबाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर स्वतः ज्या घोड्याचे वर्णन करतो, तो रणशिंग ऐकताच फुरफुरतो, खुरांनी जमीन उकरतो, भयाला हसतो आणि दुरूनच युद्धाचा वास घेतो. त्या घोड्याच्या छातीला आजचा पट्टा बांधला असता तर कागदावर कमालीच्या ताणाची नोंद झाली असती. ती भीती की उन्माद की आनंद, हे कागद सांगू शकला नसता.

उलट बाजूने पाहिले तर आणखी मोठी फसगत आहे. फ्रान्समधील संशोधकांनी घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळांतील घोड्यांचे निरीक्षण केले. काही घोडे मान खांद्याच्या रेषेत ताठ धरून, डोळे उघडे पण नजर हरवलेली, कान न हलवता भिंतीकडे पाहत उभे राहत. आजूबाजूच्या हालचालींची त्यांना दखल नसे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा खचलेल्या घोड्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल इतरांपेक्षा कमी भरले. ज्याने आशा सोडली त्याचा आकडा खाली येतो. नुसत्या आकड्यावर विसंबणारा माणूस अशा घोड्याला सर्वांत सुखी ठरवील.

तेव्हा मोजमापाचे काम साक्षीदाराचे आहे. निवाडा करण्याचे काम त्याच्याकडे देता येत नाही; तो भार सदसद्विवेकबुद्धीवरच राहतो. मात्र साक्षीदार पुढे आल्यावर न्यायाधीशाला पूर्वीसारखी डुलकी घेता येत नाही, एवढा फरक नक्की पडतो. आमच्या घोड्याला हे आवडते, असे म्हणणाऱ्या मालकाला आता विचारता येते, की कशावरून?

या विषयात एक गमतीची आणि थोडी लाजवणारी गोष्टही आहे. आपण घोड्याचा ताण मोजायला आत्ता शिकलो. घोडा आपला ताण केव्हापासून मोजतो आहे! विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे निवृत्त गणितशिक्षक आपल्या हान्स या घोड्याला लोकांपुढे उभे करीत. गणित घातले, की हान्स खूर आपटून बरोबर उत्तर देई. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी त्याचे रहस्य उलगडले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्सलाही ते येत नसे. उत्तराचा आकडा जवळ येताच विचारणारा नकळत ताठरे आणि बरोबर ठोका पडताच किंचित सैलावे. तेवढी हालचाल पाहून हान्स थांबे. त्याला गणित येत नव्हते. त्याला माणूस येत होता.

२००९ साली स्वीडनमध्ये याचीच शास्त्रीय प्रचीती आली. घोड्याला हाताने चालवणाऱ्या आणि त्यावर बसणाऱ्या माणसांना सांगण्यात आले, की चौथ्या फेरीला तुमच्यासमोर एकदम छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी चौथ्या फेरीला माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्या न उघडलेल्या छत्रीविषयी काहीही ठाऊक नसलेल्या घोड्याचेही वाढले. याच्या जोडीला २०१३ साली प्रसिद्ध झालेले फ्रान्समधील सोम्यूर येथील राष्ट्रीय अश्वारोहण विद्यालयातील निरीक्षण ठेवावे. तेथे तालमीच्या वेळी आणि प्रत्यक्ष प्रेक्षकांपुढील खेळाच्या वेळी घोडा व स्वार या दोघांचीही तपासणी झाली. प्रेक्षक आल्यामुळे स्वारांच्या हृदयावर जास्त ताण पडला. घोड्यांच्या बाबतीत तालीम आणि खेळ यांत फरक आढळला नाही. टाळ्या, पदक, अपकीर्ती ही सारी मनुष्याची दुःखे आहेत. घोड्याला त्यांची खबर नसते. ती त्याच्यापर्यंत पोहोचली तर आपल्या मांड्यांतून आणि लगामातून पोहोचतात. टोकियोच्या रिंगणात त्या दिवशी सेंट बॉयच्या पाठीवर एका स्त्रीच्या कित्येक वर्षांच्या तपश्चर्येचे सारे भय बसले होते, आणि तिची त्याची ओळख वीस मिनिटांची होती. तिला दोष देताना माझी लेखणी अडखळते. हा नियम तिने केला नव्हता.

आपली ख्रिस्तसभा याबाबत काय शिकवते? संत थॉमस अॅक्विनास यांचा विचार पुष्कळांना कठोर वाटतो. पशूंना बुद्धी नाही, म्हणून ते मनुष्याच्या उपयोगासाठी आहेत. त्यांच्याशी क्रूर वागू नये ते मुख्यतः यासाठी, की पशूंवर सरावलेला क्रूरपणा पुढे माणसांवर उलटतो. हा विचार खोटा नाही. पण त्यात घोड्याच्या वेदनेचे वजन घोड्याच्या पारड्यात पडत नाही. ते आपल्याच पारड्यात पडते. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ एक पाऊल पुढे जातो. पशू ही परमेश्वराची निर्मिती आहे, ती आपल्या नुसत्या असण्याने त्याचा गौरव करते आणि मनुष्य तिला दयेचे देणे लागतो, असे तो सांगतो; असिसीचे संत फ्रान्सिस आणि संत फिलिप नेरी यांची आठवणही देतो. पशूंना माणसाळवून कामासाठी आणि विरंगुळ्यासाठी वापरण्यास तो परवानगी देतो. मात्र विनाकारण त्यांना यातना देणे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे ठरवतो.

विनाकारण या शब्दाशी मी थांबतो. शेत नांगरणाऱ्या बैलाच्या श्रमाला कारण आहे. घरात भाकर येते. क्रीडेतील घोड्याच्या श्रमाला कारण काय? सौंदर्य, कौशल्य, दोन जीवांच्या एकतानतेचा आनंद, हीही कारणे आहेत आणि मी त्यांना क्षुल्लक म्हणणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत भारताच्या चमूने ड्रेसाज या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीतील सुवर्ण आपल्याला एकेचाळीस वर्षांनी लाभले. चमूत मुंबईचा हृदय छेडा होता, हे वाचून मलाही आनंद झाला. परंतु ज्या क्रीडेचे कारणच सौंदर्य आहे, तिच्यात त्या सौंदर्याखाली वेदना दडवलेली निघाली तर कारणच नाहीसे होते. बैल थकला तरी नांगरट खरी राहते. भेदरलेल्या घोड्याचे डौलदार चालणे मात्र खोटे नाटक होते.

दडवण्याची जागा बहुधा रिंगणाबाहेर असते. जुलै २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिम्पिकला काही दिवस उरले असताना, ब्रिटनची ख्यातनाम स्वार शार्लट ड्युजार्डिन हिने स्पर्धेतून माघार घेतली. शिकवणीच्या वेळी घोड्याच्या पायांवर ती वारंवार चाबूक मारीत असल्याची जुनी चित्रफीत बाहेर आली होती. पुढे तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. स्पर्धेत परीक्षक असतात, कॅमेरे असतात. सरावाच्या मैदानात घोडा आणि माणूस दोघेच असतात.

आणि सरावानंतर उरतो तबेला. क्रीडेतील घोडा दिवसाकाठी तास-दोन तास खोगिराखाली असतो, उरलेले बहुतेक तास बहुधा एकट्याच्या कोठडीत. घोडा हा कळपाचा प्राणी. रानात तो दिवसातला बहुतेक वेळ चरत, चालत, सोबत्यांच्या खांद्याला खांदा लावून काढतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका अभ्यासात एकट्या कोंडलेल्या घोड्यांच्या लिदीत ताणाच्या खुणा कळपात ठेवलेल्यांपेक्षा जास्त आढळल्या. चाबूक मारणाऱ्याचा आपण निषेध करतो आणि ते योग्यच आहे; पण ज्याने आयुष्यात कधी चाबूक उचलला नाही अशा प्रेमळ मालकाच्या स्वच्छ, टाइल्स लावलेल्या तबेल्यातही एक जीव खचत असू शकतो. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात शब्बाथाचे कारण देताना बैलाला व गाढवाला विसावा मिळावा हे आधी सांगितले आहे, दासीपुत्र व परका यांचे नाव त्यानंतर येते. विसावा म्हणजे काम नसणे एवढाच अर्थ तेथे असेल असे मला वाटत नाही. कोठडीत काम नसतेच.

टोकियोनंतर बदल झाले. पेंटॅथलॉनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नोव्हेंबर २०२१ मध्ये घोडेस्वारी वगळण्याचा निर्णय घेतला. १९१२ पासून चालत आलेला तो भाग पॅरिसमध्ये २०२४ साली ऑलिम्पिकमध्ये शेवटचा झाला, आणि त्याच्या जागी आता माणसेच अडथळ्यांवरून उड्या मारतील. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने २०२५ पासून नाकपट्ट्याची सैलता तपासण्यासाठी ठरावीक मोजमाप लागू केले. या गोष्टी चांगल्या आहेत. तरी मला एक धास्ती वाटते. मोजपट्टी हाती आली, की माणूस मर्यादेच्या आत राहून जितके आवळता येईल तितके आवळतो. नियमशास्त्राचे काटेकोर पालन करून दया, न्याय व विश्वास विसरलेल्या लोकांशी प्रभू येशू कसे बोलले, ते शुभवर्तमानात आहे. पट्ट्याखालची जागा अधिकारी मोजील. घोडा खोगीर पाहून जवळ येतो की कोठडीच्या कोपऱ्यात सरकतो, हे त्याच्या मोतद्दाराला दररोज पहाटे दिसते. पण त्याला कोणी विचारीत नाही.

मग घोडेस्वारी बंदच करावी का? मी त्या बाजूचा नाही, निदान आज तरी नाही. ज्या गोष्टीत घोड्याला बोलण्याची संधी आहे आणि माणसाला ऐकण्याची सवय आहे, तीत दोघांनाही काही लाभते, असे मानायला जागा आहे. पण अनोळखी घोडा, वीस मिनिटे आणि सुवर्णपदक असा मेळ ज्यात घातला होता, तो खेळ गेला याचे मला दुःख नाही. जेथे नकार देण्याची वाटच बुजवलेली आहे, तेथे घोड्याच्या होकाराला काय किंमत द्यावी, हे मला कळत नाही.

झावळ्यांच्या रविवारी आपण हातात झावळ्या घेऊन मिरवणुकीने चर्चमध्ये जातो आणि शुभवर्तमान ऐकतो. कित्येक वर्षे ऐकूनही माझे एका तपशिलाकडे लक्ष गेले नव्हते. मार्क म्हणतो, ज्या शिंगरावर अद्याप कोणी बसले नव्हते असे गाढवाचे शिंगरू प्रभूने मागवले. जनावरे पाळणाऱ्या माणसाला विचारा, हे केवढे अवघड आहे. पाठीला भाराची सवय नाही, तोंडाला दोरीची नाही. सभोवती गर्दी, आरोळ्या, पायांखाली अंथरलेली वस्त्रे, डोळ्यांसमोर हलणाऱ्या फांद्या. असे शिंगरू उधळायचे. ते उधळल्याचे कोठे लिहिलेले नाही. मत्तयाने मात्र एक गोष्ट नोंदवली आहे, जी एरवी विद्वानांच्या वादाचा विषय झालेली आहे: शिष्यांनी एकटे शिंगरू आणले नाही, त्याच्या आईलाही सोडून सोबत आणले. त्या गोंगाटातून शिंगरू चालत होते तेव्हा त्याची आई त्याच्या बाजूला होती. आणि मार्कात, जनावर सोडताना कोणी हटकलेच तर काय सांगायचे तेही प्रभूने शिष्यांना आधीच सांगून ठेवले होते: प्रभूला त्याची गरज आहे, आणि तो त्याला लागलीच येथे परत पाठवून देईल.